चाचांचा पाण्याचा पंप

चाचा कबरस्तानात शिरले की आधी सगळ्यांना मिळून एक सलाम करीत आणि मग भांडायला लागत. भांडण आत झोपलेल्यांशी. "काऊन बे, मागच्या साली चांगला धुतला होता ना तुले? इतका कसा मळला?" हे एकाला. लगेच शेजारच्याला, "अन् तू पाहा कसा लख्ख! बायको पुसून जात असंन तुही." रस्त्याने जाणारा माणूस थबकून आत डोकावे. आत उभा माणूस एकच दिसतो म्हटल्यावर तो जरा घाईनेच पुढे जाई.

बुलढाण्याकडच्या आमच्या धाड गावात आणि आसपासच्या पंधरा-वीस गावांत कबरींचे कतबे धुणं, फुटलेले जोडणं, पुसट झालेली अक्षरं पुन्हा खोल करणं हा चाचांचा धंदा होता. कतबा म्हणजे कबरीच्या उशाशी उभा केलेला नावाचा दगड. या एवढ्या कामावर घर चालण्यासारखं नव्हतंच. एरवी ते जात्यांना, पाट्या-वरवंट्यांना छिन्नीने टाकी लावत फिरायचे. पुढे घरोघरी मिक्सर आले तसं ते फिरणं थांबलं, पण मेलेल्यांनी चाचांची साथ सोडली नाही. हिंदूंमध्ये ज्यांच्यात पुरायची चाल आहे त्यांच्या समाध्याही ते त्याच मायेने धुवत. आम्ही गोसावी. आमच्यात माणसाला बसवून पुरतात आणि वर समाधी बांधतात. वडिलांची समाधी आमच्या शेतातच आहे आणि चाचांची नि आमच्या घराची ओळख तिथपासूनची. शेत बघायचा माझा थोरला भाऊ, दादा. मी धाडच्या शाळेत मराठी शिकवायचो.

गोसाव्याला आमच्याकडे 'महाराज' म्हणायची पद्धत आहे. चाचाही दादाला महाराज म्हणत. आता दादाच्या तोंडात दिवसभरात जितक्या शिव्या यायच्या तितक्या एखाद्या ट्रक ड्रायव्हरच्याही येत नसतील. त्याने बैलाला आई-बहिणीवरून हाक मारली की चाचा कान पकडून म्हणत, "वा महाराज, काय प्रवचन चालू हाये!" त्यावर दादा चाचांनाही एक प्रवचन ऐकवायचा आणि मग दोघं समाधीच्या कट्ट्यावर बसून चहा प्यायचे.

चाचांना वाचता येत नव्हतं. मराठी नाही, उर्दू नाही, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. तिन्ही लिप्यांत दगडावर अशी देखणी अक्षरं उतरवायचे की बघत राहावं, पण त्यातलं एकही त्यांना ओळखता यायचं नाही. मजकूर कागदावर लिहून द्यायचा आणि त्यांनी तो जसाच्या तसा दगडावर न्यायचा. अक्षरांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. 'ळ' म्हणजे चष्मा. 'ह' म्हणजे पाठीत बाक आलेली म्हातारी. 'श्री' कोरायचा म्हटलं की कपाळाला आठ्या घालायचे. "हिचे लय नखरे, मास्तर. दुसरी बाई नाई का?"

मराठी मजकूर लिहून द्यायचं काम माझ्याकडे होतं. एकदा चिखलीकडच्या एका निवृत्त तलाठ्याच्या समाधीचा मजकूर मी घाईत लिहिला. 'समाधि' असं ऱ्हस्व लिहिलं गेलं, ते दोन रेघा मारून खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'समाधी' असं दुरुस्त केलं. मराठीच्या मास्तरची चूक, त्यामुळे जरा जोरातच खोडली होती. पंधरा दिवसांनी तलाठ्याचा मुलगा माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याने मला मोटारसायकलवर बसवलं आणि दगडासमोर नेऊन उभं केलं. चाचांनी चुकलेला शब्द कोरला होता. त्याच्यावरच्या दोन रेघा कोरल्या होत्या. वरचा दुरुस्त शब्द किंचित तिरका, अगदी माझ्या हाताच्या वळणाचा कोरला होता. मी रागाने लाल होऊन चाचांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "मले काय माहीत मास्तर, कोनतं खरं अन् कोनतं खोटं? मले वाटलं, तलाठ्याचा दगड हाये, खाडाखोड असंनच."

हे उत्तर कानावर गेल्यावर तलाठ्याचा मुलगा आधी हसला आणि मग रडला. वडिलांनी जन्मभर सात-बारावर तेच केलं, असं म्हणाला. तो दगड अजून तसाच आहे. तिकडून जाताना मी मान फिरवून घेतो.

काम हातात घेण्याआधी माणूस कसा होता हे चाचांना कळायला हवं असायचं. माणूस चिडका होता म्हटलं तर सकाळच्या गारव्यात धुणार. कंजूष होता म्हटलं तर एकाच बादलीत भागवणार. "जास्त पानी सांडलेलं पाह्यलं तं त्याचा जीव तुटंन," असं म्हणायचे. आणि कोणी बघत उभं राहिलं की काम बंद. "तुमी आंघोय करतानी कोनी पाह्यते का?" एवढं विचारायचे आणि समोरचा निघून जाईपर्यंत बिडी ओढत बसायचे.

दुसरबीडच्या एका घराण्याचा फुटलेला कतबा जोडून द्यायला ते एसटीने निघाले होते, तेव्हा मी बरोबर होतो. दगडाचा वरचा अर्धा भाग गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलेला. कंडक्टरने ओझ्याचं तिकीट मागितलं. चाचांनी गोणपाट बाजूला करून नाव दाखवलं. "याचं तिकीट कायले घेता साहेब? हा तं कवाच उतरला." कंडक्टर दोन थांबे हसत होता. तिकीट काही फाडलं नाही.

धुताना दगडाला पाण्याशिवाय काही लावायचं नाही, हा चाचांचा धर्म होता. पाणी, फार तर रिठ्याचा फेस, शिंदीचा कुंचा आणि अक्षरांच्या खाचेत घालायला बाभळीचं चघळलेलं दातून. जोडायचं असेल तर चुना, त्यात बेलाचा गर आणि गूळ. गुळाचा एक खडा चुन्याला आणि एक स्वतःला. सिमेंटचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही आणि ॲसिडचं तर बिलकूल नाही. शबे-बरातच्या आधी सगळे आपापल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतात. त्या सुमारास औरंगाबादहून, पुण्याहून मुलं यायची आणि वेळ नसल्यामुळे फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली सरळ दगडावर ओतायची. दगड तासाभरासाठी पांढराशुभ्र व्हायचा आणि दोन पावसाळ्यांत अक्षरं झडून जायची. अशा एका शहरी मुलाच्या हातातली बाटली चाचांनी हिसकावून घेतलेली मी पाहिली आहे. "तुहा बाप हाये का संडासाचं भांडं?" मुलगा एवढा वरमला की उरलेला दिवस चाचांच्या बादल्या भरत राहिला.

साठी उलटली आणि चाचांचे गुडघे गेले. बादल्या वाहणं जमेना. तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांचा असतो तसा पाठीवरचा फवारणीचा पंप घेतला. त्यात पाणी भरायचं, पाठीला अडकवायचा आणि एका हाताने दांडा मारत दगडावर फवारा सोडायचा. पावसाळ्यात जो तो पाठीवर पंप घेऊन कपाशीकडे निघालेला असायचा आणि त्यांच्यातच उलट्या दिशेने, कबरस्तानाकडे, चाचा. "चाचा, कोनाच्या कपाशीवर?" असं कोणीतरी विचारायचंच. पंपाचा त्यांना भारी अभिमान. "याच्यात पान्याबिगर कायी गेलं नाई," असं म्हणून एकदा भर बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीसमोर त्यांनी नळी तोंडात धरली आणि पंपातलं पाणी पिऊन दाखवलं. तेव्हापासून गावात तो 'चाचांचा पाण्याचा पंप' झाला.

ते दिवस बीटी कपाशीचे होते. ज्वारी, मूग, देशी कपाशी सगळं मागे पडून जिकडेतिकडे पाकिटातलं बियाणं. बोंडअळी येणार नाही असं पाकिटावर लिहिलेलं. अळी खरंच कमी झाली, पण मावा आणि तुडतुडे यांनी पाकीट वाचलेलं नव्हतं. त्यामुळे फवारण्या काही सुटल्या नाहीत. त्यात बियाणं बोगस निघण्याच्या बातम्या. कुठे उगवलंच नाही, कुठे वाढलं पण बोंडं धरली नाहीत. माणसं पाकिटं जपून ठेवायची, पंचनाम्याला लागतात म्हणून. दादानेही ठेवली होती. त्या वर्षी त्याने आमच्या तीन एकरांतल्या एका एकरात नेहमीचं बियाणं लावलं आणि दोन एकरांत नव्या कंपनीचं. ते दोन एकर म्हणजे आमची सगळ्यात चांगली काळी जमीन. वर्ष त्याच्यावरच निघायचं.

श्रावणात चाचा समाधी धुवायला आले, तेव्हा दादाची फवारणी चालू होती. नेहमीच्या बियाण्याचा एक एकर झाला आणि दादाच्या पंपाचा वायसर गेला, दाब धरेना. आभाळ भरून आलेलं. धाडला जाऊन येईपर्यंत पाऊस गाठणार. दादाने पंपाच्या आईचा उद्धार केला आणि चाचांकडे पाहिलं. समाधी धुऊन झालीच होती. चाचांनी पंप पाठीवरून उतरवला.

"घ्या महाराज. पण मंग मले हा धुवावा लागंन सात डाव. तुमच्या औषिधाचा वास मुर्द्यायले नाई चालत."

दादाने त्या पंपाने उरलेले दोन एकर मारून घेतले.

चौथ्या दिवशी दादाचा शाळेत निरोप आला. मी गेलो. दोन एकरांतली कपाशी जागच्या जागी पिळवटली होती. पानं अरुंद, लांब, भेंडीच्या पानासारखी फाटलेली, शेंडे वाकडे होऊन खाली वळलेले. शेजारचा एक एकर मात्र हिरवागार. मधला धुऱ्याचा बांध ओलांडला की आजार संपत होता. बघायला आलेले चारजण एकाच आवाजात म्हणाले की बियाणं बोगस. मलाही तेच वाटलं. दादा शिव्या देत नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. त्याने बुलढाण्याला जाऊन कृषी खात्याकडे तक्रार दिली. पंचनाम्याला साहेब येणार आणि कंपनीचा माणूसही येणार असं ठरलं. पीक तर गेलंच होतं. आता भरपाई मिळाली तरच ते वर्ष सावरणार होतं.

पंचनाम्याच्या आदल्या दिवशी चाचा आले. समाधीच्या अक्षरांत काळा रंग भरायचा राहिला होता. हातात रंगाची डबी घेऊन ते बांधावर उभे राहिले ते उभेच. मग सावकाश कपाशीत उतरले. एक पान हातात घेतलं, उलटं केलं, दुसरं घेतलं. परत येऊन समाधीच्या कट्ट्यावर बसले. रंगाची डबी उघडलीच नाही.

"महाराज," ते म्हणाले, "हे बियान्यानं नाई झालं. हे माह्या पंपानं झालं."

दादाला कळेना. मलाही कळेना. चाचा खाली मान घालून सांगत होते. समाधी धुवायला यायच्या थोडं आधीची गोष्ट. शबे-बरात तोंडावर आलेली. कबरस्तानात गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं. दरवर्षी ते बसून एकेक रोप उपटायचे, यंदा गुडघे वाकेनात. बसलं की उठता येईना. दुकानदार म्हणाला, गवत जाळायचं औषध घेऊन जा, दगडाला काही होत नाही. त्यांनी ते पंपात घातलं आणि भर दुपारी, कोणी नसताना, मारलं. नंतर पंप दोनदा विसळला. त्यांना वाटलं, निघालं असेल.

"गाजरगवत असंच पिळलं होतं मरतानी. अन् माह्या बायकोच्या कबरीवर सब्जा लावेल हाये, त्याच्यावर वाऱ्यानं उडालं, तं त्याची पानं बी अशीच झाली. हे पान म्या पाह्यलं हाये, महाराज. मले कोनी शिकवाची गरज नाई."

मी दादाकडे पाहिलं. आता हा म्हाताऱ्याच्या अंगावर जाणार, असं मला वाटलं. दादाने इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चाचा, चूप बसा. बियानं बोगस हाये, हे साऱ्या गावाले माहीत झालं. तुमचं नाव कायले मधात? तुमालेच उद्या कोनी दगडाले हात लावू देनार नाई."

"अन् उद्या साहेब लिवून घेईन ते?"

"लिवू द्या ना! कंपनीचं काय जाते?"

"कंपनी गेली चुलीत. खोटं लिवल्यावर ते धुतल्यानं जात नाई, महाराज."

तेव्हा मात्र दादाचा तोल सुटला. माझं पीक खाल्लं ते खाल्लं, आता भरपाईही खाता का, असं तो ओरडला. पुन्हा शेतात पाय ठेवायचा नाही म्हणाला. एरवीच्या शिव्यांतली एकही शिवी त्यात नव्हती. चाचा डबी उचलून निघून गेले. मी मध्ये पडलो नाही. खरं सांगायचं तर मी दादाच्या बाजूने होतो. वर्गात सत्यावर निबंध लिहायला सांगणारा मी मनात म्हणत होतो की हा म्हातारा उद्या आजारी पडो, काहीही होवो, पण इथे न येवो. आज ते आठवलं की मला माझीच शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. कृषी खात्याचा तरुण साहेब, कंपनीचा टोपीवाला माणूस, गावातले सात-आठजण. साहेबाने पाकिटं पाहिली, रोपं उपटून पाहिली, कागदावर लिहायला घेतलं. आणि पांदणीतून, शेतांमधल्या वाटेने, चाचा येताना दिसले. धुतलेला पांढरा सदरा आणि पाठीवर पंप. पंप त्यांनी साहेबाच्या पायाशी ठेवला आणि कालचंच सगळं पुन्हा सांगितलं. गाळलं काही नाही.

कंपनीच्या माणसाचा चेहरा उजळला. त्याने पुढे होऊन चाचांचा हात हातात घेतला. चाचांनी तो सोडवून घेतला. "तुमच्यासाठी नाई सांगतलं," म्हणाले.

जमलेल्यांत ओळखीचेच लोक होते. त्यांच्या आजोबांचे, बापांचे दगड चाचांनी धुतले होते. त्यातला एकजण हलक्या आवाजात म्हणाला, "म्हंजे चाचा, कबरस्तानात तुमी औषध मारलं?" त्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. चाचांनी गुडघ्यावर हात ठेवला. "हाव. मारलं. आता गुडघे वाकत नाईत बाप्पा."

दादा बांधावर आमच्याकडे पाठ करून बसला होता. साहेबाने चाचांचा जबाब लिहून काढला, मोठ्याने वाचून दाखवला आणि बॅगेतून शाईचा पॅड काढून पुढे केला.

चाचांनी हात मागे घेतला. "अंगठा नाई. अंगठा कोनाचाई सारखाच दिसते."

"मग सही करता का?"

चाचा माझ्याकडे वळले. "मास्तर, माहं नाव लिवून द्या. मोठं लिवा. खाडाखोड नोका करू."

मी वहीचं पान फाडलं आणि त्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. इतकी वर्षं मी त्यांना दुसऱ्यांची नावं लिहून देत होतो. खाडाखोड झाली नाही. चाचांनी पंचनाम्याचा कागद पंपाच्या सपाट बाजूवर ठेवला. खालची मोकळी जागा बोटांनी मोजली. मग पेन हातात धरलं, टाकी धरतात तसं, चार बोटांत उभं. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरची रेघ मारली, दगडावर मारायचे तशीच. आणि त्या रेघेखाली पहिलं अक्षर सुरू केलं.

वेळ लागत होता. पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं, पांढऱ्या कागदावर डोळे ठरत नव्हते. चाचा मधेच थांबून डोळे पुसायचे, माझ्या पानाकडे बघायचे, पुन्हा कागदावर वाकायचे. साहेबाने घड्याळ पाहिलं. आज अजून दोन गावं करायची होती. जीपच्या ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा. "आजोबा," साहेब म्हणाला, "अंगठा चालेल हो. कशाला त्रास करून घेता?"

तेवढ्यात दादा बांधावरून उठला. कपाशीतून चालत आमच्याकडे आला. मला वाटलं, आता हा कागदच ओढून फाडणार. तो चाचांच्या मागे येऊन उभा राहिला, थोडा डावीकडे सरकला, आणि त्याची सावली बरोबर कागदावर पडली. मग त्याने ड्रायव्हरकडे पाहून एक सणसणीत शिवी दिली आणि साहेबाला म्हणाला,

"जरा थांबा साहेब. चाचा नाव काढून राह्यले."